निळ्यात पिवळी

९ जानेवारी

महाराणी पुन्हा रुसल्या! महाराणी म्हणजे आमचा रंगीत प्रिंटर. काम कमी पडलं की हिच्या तोंडात शाई वाळते, काम जास्त झालं की हिला धाप लागते. आज एका माणसाचे पासपोर्टचे फोटो काढले, तर माणूस कावीळ झाल्यासारखा. पाठीमागचा पांढरा पडदासुद्धा पिवळट.

जाऊबाईंना हाक मारली. त्यांनी फोटो लांब धरला, जवळ धरला, खिडकीशी नेला. "मला तर बरा दिसतोय." त्यांचं काय, त्यांना सगळंच बरं दिसतं. भाजी करपली तरी बरी लागते.

दोघा भावांनी हौसेनं हा स्टुडिओ काढला आणि हौस फिटल्यावर आम्हा दोघी जावांच्या गळ्यात घातला. तेव्हापासून आमची वाटणी ठरलेली — शाई त्यांची, नजर माझी. कार्ट्रिज धुणं, भरणं, महाराणीचं तोंड साफ करणं, शेवटी पाकिटं भरणं त्यांच्याकडे. रंग जुळवणं आणि फोटो पास करणं माझ्याकडे. पास झाला की मी फोटोच्या मागे कोपऱ्यात पेन्सिलीनं बरोबरची खूण करते. खूण नाही तर फोटो दुकानाबाहेर जात नाही. एकदा मी तापानं पडले होते तेव्हा जाऊबाईंनी खुणा केल्या. त्या डावखुऱ्या. त्यांची खूण आरशात बघितल्यासारखी उलटी पडते! मी किती दिवस चिडवलं होतं त्यांना.

१२ जानेवारी

चाचणीचं पान काढलं. यात महाराणी चारही रंगांच्या बारीक रेघांची जाळी काढून दाखवते. रेघ तुटली की त्या रंगाचं छिद्र बुजलं असं समजायचं. काळी ठीक. गुलाबी ठीक. निळी — हिरवट! आणि पिवळी जवळजवळ नाहीच.

मी उभ्या उभ्या निदान केलं. पिवळी आपल्या जागी नाही, निळी हिरवी झालीय, मग पिवळी गेली कुठे? निळ्यात! सिरिंज न धुता एका बाटलीतून दुसरीत बुडवली असणार.

मोठ्या जावेला असं तोंडावर कसं म्हणणार. आडून विचारलं, ताई, सिरिंज किती आहेत हो आपल्याकडे? म्हणाल्या चार, चार शायांच्या चार, आणि प्रत्येकीला वेगळा दोरा बांधलाय, बघायचाय का. मी म्हटलं छे छे, सहज विचारलं. पण माझ्या मनातून काही जाईना.

१३ जानेवारी

कपड्यांचा साबण बदलायला हवा. चादरी सगळ्या पिवळ्या पडल्यात.

१७ जानेवारी

बालवाडीच्या बाई आल्या होत्या. दरवर्षीप्रमाणे प्रत्येक मुलाचा एकेकटा मोठा फोटो हवाय, पण या वेळी बाई जरा अवघडून बसल्या. समोर तो नवा स्टुडिओ उघडलाय ना — काचेचा, थंडगार, आत गेलं की माणूस उगाच आवाज खाली करून बोलतो. काही पालकांचं म्हणणं की तिकडे द्या. बाई म्हणाल्या, "मी तुमचंच नाव लावून धरलंय. पण रंग खरे हवेत. मुलं जशी आहेत तशी दिसली पाहिजेत."

मी छातीठोकपणे सांगितलं की रंगांची काळजी माझ्यावर सोडा. जाऊबाई तेव्हा कार्ट्रिजचं बूच लावत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

बाई गेल्यावर धसका बसला. बालवाडी गेली की तिच्या मागोमाग मोठी शाळा जाणार. आणि मोठी शाळा गेली की दुकानाची जागा भाड्यानं द्यायला हे दोघे भाऊ टपलेलेच आहेत. ह्यांनी तर मनातल्या मनात भाडेकरूसुद्धा ठरवून ठेवलाय. मग आम्ही दोघी काय करणार? दुपारभर घरात एकमेकींची तोंडं बघत बसणार. इथे निदान मध्ये प्रिंटर असतो.

२० जानेवारी

आज महाराणींचं साग्रसंगीत स्नान. जाऊबाईंनी कागदी रुमालाची घडी केली, कोमट पाण्यात भिजवून पिळली, महाराणींचं शाई सोडणारं तोंड बरोबर त्या घडीवर आणून ठेवलं आणि तसंच दुपारभर राहू दिलं. जावयाचे पाय चेपावेत तशी सेवा. मग बारीक नळी लावून सिरिंजनं हळूहळू कोमट पाणी सोडलं. "जोर लावायचा नाही. जोर लावला की आतलं फाटतं." हे मला ऐकवायला होतं की काय कोण जाणे.

सेवा झाल्यावर पुन्हा पान काढलं. जाऊबाई म्हणाल्या, बघ, एकही रेघ तुटलेली नाही. मला तर निळी अजून हिरवट आणि पिवळी गुल!

मी आता वाद घालणं सोडलं. कॉम्प्युटरवरच निळा थोडा चढवला. मग आणखी थोडा. मग आणखी. तेव्हा कुठे माणूस माणसासारखा दिसायला लागला.

२४ जानेवारी

आज बिनसलं. जाऊबाई चहा घेता घेता अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "तू एकदा डोळे दाखवून येतेस का गं?"

माझे डोळे! ज्या डोळ्यांनी मी लांबून सांगते की साडी अंजिरी आहे की वांगी रंगाची! ज्या डोळ्यांनी ह्यांच्या सदऱ्यावरचा आमटीचा थेंब मला उंबऱ्यावरून दिसतो! मी म्हटलं, ताई, शाईत गोंधळ झाला तर डोळ्यांवर ढकलू नका. हे जरा जास्तच झालं. त्यांचा चेहरा उतरला. कप उचलून आत गेल्या.

तेव्हापासून आम्ही फक्त शाईपुरतं बोलतोय.

३० जानेवारी

हे ऑफिसातून आले ते तणतणत. एका पायात काळा मोजा, एका पायात गडद निळा. दिवसभर लोक हसत होते म्हणे. मी म्हटलं, पाय तुमचे, डोळेही तुमचेच, घालताना बघायचं. म्हणाले, जोडी तूच लावून ठेवतेस ना! आता मोज्यांचा रंग उडाला तर ती माझी चूक? हल्ली कशालाच रंग टिकत नाही. भिंतीवरचे जुने फोटोसुद्धा पिवळे पडत चाललेत.

२ फेब्रुवारी

करून टाकलं. बालवाडीचं काम तोंडावर आलंय, धोका पत्करून चालणार नाही. जाऊबाईंना म्हटलं, एवढी ऑर्डर होईपर्यंत शाई मी भरते. तुम्ही जरा आराम करा.

त्यांनी ओट्यावरच्या चारही सिरिंज उचलल्या, पुसल्या, आणि माझ्यासमोर ओळीनं मांडून ठेवल्या. मग विचारलं, "पाकिटं भरू ना मी? का तीही तू भरतेस?"

मी म्हटलं, अहो पाकिटं तुमचीच. त्यांच्या हातून काम काढून घेणं आणि भरल्या ताटावरून उठवणं सारखंच. पण दुकान वाचवायचंय, मी काय करू?

५ फेब्रुवारी

वाटोळं केलं मी! निळ्याच्या कार्ट्रिजमध्ये काळी शाई भरली.

बाटल्यांवरची लेबलं शाईच्या ओघळांनी कधीच पुसून गेलीत. जाऊबाई त्या ठरावीक ओळीनं ठेवतात — पण डावीकडून! मी आपली सवयीनं उजवीकडून मोजायला गेले. तरी खात्री म्हणून कागदी रुमालावर एक थेंब टाकून बघितला. गडद दिसला. निळी शाई बाटलीत गडदच असते, म्हटलं हीच. पहिला फोटो बाहेर आला तर त्यातली बाई कोळशाच्या खाणीतून आल्यासारखी!

जाऊबाईंना सांगून टाकलं. मी तयारीत होते — आता बोलणार, आता सगळं काढणार. त्यांनी पदर खोचला. कार्ट्रिज काढलं, रिकामं केलं, पाणी निवळ येईपर्यंत धूत राहिल्या. मग महाराणींच्या पोटात गेलेली काळी शाई बाहेर काढायला घेतली — कोमट पाणी, घडी, सिरिंज, पुन्हा कोमट पाणी. दोन बादल्या काळ्याकुट्ट झाल्या. मी बाजूला उभी राहून फक्त रुमाल देत होते. मध्ये एकदा तो थेंबाचा रुमाल त्यांच्या हाती लागला. त्यांनी तो बघितला, मग माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. आणि चुरगळून टाकून दिला.

कमाल आहे बाईची. एका शब्दानं टोचलं नाही.

७ फेब्रुवारी

महाराणी खडखडीत बऱ्या. सिरिंज मी गुपचूप परत जागेवर ठेवल्या. त्यांनीही गुपचूप उचलल्या. शाई त्यांची, नजर माझी. पूर्वीसारखं.

११ फेब्रुवारी

बालवाडीत जाऊन फोटो काढून आलो. एका पोरानं शेवटपर्यंत डोळे उघडले नाहीत. एकीनं माझ्या कॅमेऱ्याला बिस्कीट भरवलं. जाऊबाई नाकं पुसत होत्या आणि भांग पाडत होत्या. फार दिवसांनी दोघी पोट धरून हसलो.

१६ फेब्रुवारी

छपाई चालू. निळा बराच चढवावा लागतो, पण चेहरे सुरेख येतायत. गोबरे, गोरे, सावळे, जसे आहेत तसे! मी एकेक बघते, मागे खूण करते, गठ्ठा जाऊबाईंच्या टेबलावर ठेवते. रोज एवढंच काम, पण मन लावून.

१८ फेब्रुवारी

शाई संपली! आत्ताच तर सगळ्या बाटल्या भरून आणल्या होत्या. जाऊबाई शाई पितात की काय? विचारलं तर म्हणतात, तोंड साफ करायला लागते. एवढी? महाराणी काय दिवसातून दहादा दात घासतात?

आणि फोटोचा कागदही अर्ध्याहून कमी राहिलाय. मी म्हटलं उंदीर लागलेत बहुतेक. जाऊबाई म्हणाल्या असतील. पिंजरा लावायला हवा.

२१ फेब्रुवारी

जाऊबाईंना नवीनच खूळ लागलंय. उजाडायच्या आत उठतात आणि दुकान उघडून बसतात. का, तर सकाळच्या गार हवेत महाराणी खुशीत असतात म्हणे. मी चिडवलं — ताई, या वयात कुणाला भेटायला जाता एवढ्या पहाटे? त्या लाजल्या! खरंच लाजल्या. मग दुपारी टेबलावर डोकं टेकून घोरत होत्या. मी त्यांच्या अंगावर शाल टाकली आणि घोरण्याची नक्कल ह्यांना करून दाखवली.

२६ फेब्रुवारी

ऑर्डर गेली! पाकिटं बंद करून, वर नावं घालून, जाऊबाई स्वतः बालवाडीत देऊन आल्या. मी येते म्हटलं तर नको म्हणाल्या, तू दमलीस. दमल्यासारख्या तर त्याच दिसत होत्या. डोळ्यांखाली काळं आलंय.

४ मार्च

जाऊबाईंना चष्म्याचा नंबर वाढल्यासारखा वाटतोय. सोबत येतेस का म्हणाल्या. जाईन की. आता कोणाचे डोळे बिघडले होते ते कळेल! हे मी त्यांना हसत हसत बोललेसुद्धा. त्याही हसल्या.

५ मार्च

फसवलं मला!

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नंबर आला तशी जाऊबाईंनी मला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं. मी म्हणतेय, अहो तुमचे डोळे, तर म्हणाल्या, "माझे बघतील नंतर. आधी हिचे बघा." आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. पळायची सोय ठेवली नाही.

डॉक्टरीणबाईंनी थेंब घातले, दिवा मारला, बराच वेळ बघितलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. चांगला पिकलेला. मी म्हटलं, पण मला सगळं दिसतं की. त्या म्हणाल्या, "दिसतं, पण पिवळ्या काचेतून. पांढरं पिवळट दिसतं का? निळं हिरवट? गडद निळं आणि काळं सारखंच?"

मी जाऊबाईंकडे बघितलं. त्या भिंतीवरची अक्षरं वाचत होत्या, जशी काही त्यांचीच परीक्षा आहे.

पिवळी कुठे गेली होती ते कळलं एकदाचं. निळ्यात नाही. माझ्या डोळ्यांत. आणि मी त्या बाईच्या हातून सिरिंज काढून घेतली होती.

घरी येताना रस्त्यात त्यांचा हात धरला. ताई, चुकलं माझं, म्हटलं. त्या म्हणाल्या, खड्डा आहे, खाली बघून चाल.

२४ मार्च

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. लिहायला मनाई आहे. म्हणून एवढंच.

२ एप्रिल

काय सांगू! नवा डोळा उघडला की पांढरं, जुना उघडला की पिवळं. सारखी आलटून पालटून मिटतेय, हे म्हणतात डोळा काय मारतेस. चादरी पांढऱ्याशुभ्र आहेत, साबणाची मी उगाच निंदा केली. ह्यांचे केस मात्र मला वाटत होते त्याहून कितीतरी पिकलेत. घरात धूळही फार आहे. आणि जाऊबाईंच्या डाव्या हाताची बोटं — निळी! इतकी गर्द निळी! इतकी वर्षं त्या शाईत हात घालतायत, आणि मला वाटायचं मळकी आहेत. मी तो हात हातात घेऊन बसले. त्या म्हणाल्या सोड, पोळी करपतेय.

६ एप्रिल

आज दुकानात गेले. बालवाडीच्या फोटोंना मी रंगाचं जे माप लावलं होतं ते कॉम्प्युटरवर उघडलं आणि महाराणींना एक प्रत काढायला लावली. बिस्कीट भरवणारी ती पोरगी.

निळी! ओठ निळे, गाल निळे, विहिरीतून काढल्यासारखं पोर. हे असले फोटो मी नीट बघून, मागे खूण करून, एकेका आईबापाच्या घरी पाठवले? मुलं जशी आहेत तशी! आणि अजून कोणी भांडायला आलं नाही, म्हणजे कोणी येणारही नाही. लोक भांडत नाहीत, नुसते समोरच्या दुकानात जातात.

जाऊबाईंना म्हटलं, तुम्हाला तर दिसत होतं ना, मग जाऊ कसे दिलेत? त्या काउंटर पुसत राहिल्या. "कोणी काही बोललं का? नाही ना? मग झालं."

झालं कसं? बालवाडी गेली. दुकान गेल्यातच जमा आहे. ह्यांना सांगून टाकावं भाडेकरू बघा म्हणून. मला जेवण गेलं नाही.

८ एप्रिल

उद्या बालवाडीच्या बाई येतायत, निरोप आलाय. मी पाया पडून माफी मागणार आहे. जाऊबाई म्हणतात, तू घरीच थांब. मी थांबणार नाही.

९ एप्रिल

बाई आल्या. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी पिशवीतून फोटो काढला — त्याच पोरीचा. आजीला आणखी एक प्रत हवीय, आणि मोठ्या शाळेचं काम कधी सुरू करता?

फोटोतलं पोर गुलाबी गालांचं, सावळं, बिस्कीट खाऊन हसणारं. जसं आहे तसं. मी फोटो उलटा केला. मागे कोपऱ्यात पेन्सिलीची खूण होती, बरोबरची.

उलटी.